पाण्याची ओळख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा नदीपलीकडच्या गावी होती. मुलगी रोज नावेतून पाठवायची नाही असे माझ्या माहेरी ठरले आणि माझे दप्तर खुंटीला लागले. तेव्हा बोलताना काही चुकले तर पदरात घ्या. आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही शाळेच्या मुलांबरोबर पोहण्याच्या वर्गाला जात होता, त्याचेच सांगा. इकडचे तिकडचे काही नको." म्हणून तेवढेच सांगते.

आपण सगळ्या कृष्णाकाठच्या. नदीला आपण माई म्हणतो. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या बुडाल्या की हळदकुंकू, खण, नारळ घेऊन आपण जातो आणि तिची ओटी भरतो. परंतु आपल्यापैकी पोहता किती जणींना येते? मागे एकदा मंडळाच्या बैठकीत मी हात वर करायला सांगितले होते. चाळीस जणी होत्या, दोन हात वर झाले. त्या दोघींचे माहेर नावाड्यांच्या घरचे.

घरोघरी मुलगे मात्र पोहतात. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की उन्हाळ्याच्या सुटीत काका किंवा थोरला भाऊ त्याला विहिरीवर नेतो. पाठीला वाळका भोपळा नाही तर पत्र्याचा रिकामा डबा बांधतो, कोणी पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधतात, आणि देतो ढकलून. चार दिवस नाकातोंडात पाणी जाते, पाचव्या दिवशी डबा सुटतो. बहीण बरोबर गेलीच तर ती काठावर बसून भावाचे कपडे सांभाळते. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे आणि त्यात काही वावगे आहे असे आपल्या कधी मनात आले नाही. माझ्याही आले नव्हते.

माझ्या माहेरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजायचे नाही, म्हणून सांगते. १९८९ साल. मी नऊ वर्षांची होते आणि माझी अक्का तेरा वर्षांची. आमच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर होती. त्याच विहिरीत आमचे तिघे दादा डबा बांधून पोहायला शिकले होते, आणि अक्काने तीन उन्हाळे त्यांचे कपडे सांभाळले होते. त्या दिवशी आई, थोरली चुलती आणि शेजारच्या एक काकू धुणे धुवायला गेल्या होत्या. अक्का खालच्या पायरीवर बादली बुडवायला वाकली. पायरीवर शेवाळ होते. पाय सरकला. विहिरीला तेव्हा दोन पुरुष पाणी होते.

भगिनींनो, ती ओरडली नाही. मी वर उभी होते, मी पाहिले. आपल्याला वाटते की बुडणारे माणूस हाका मारते, हात हलवते. तसे काही झाले नाही. तिचे तोंड पाण्यावर आले, पुन्हा खाली गेले, पुन्हा आले. हातांनी ती पाणी दाबत होती, जशी काही भाकरी थापते आहे. मला वाटले ती पोहते आहे. बायकांचे लक्ष गेले तेव्हा त्यांनी हंबरडा फोडला आणि माणसे बोलवायला पळाल्या. दादा उसाच्या पलीकडे होते. ते येईपर्यंत सगळे संपले होते.

त्यानंतर कित्येक वर्षे मी एकच हिशेब करीत असे. पायऱ्यांवर तीन बायका होत्या. प्रत्येकीच्या अंगावर नऊवारी लुगडे होते. शिवाय पिळून ठेवलेली ओली लुगडी दगडावर पडली होती. त्यातले एक टोक पाण्यात टाकले असते, तर अक्काच्या हाताला ते लागले असते. पण तसे करायचे असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बुडत्याला काडीचा आधार असे आपण म्हणतो. काडी टाकणारालाही ते शिकावे लागते.

यातून माझ्या मनाने मात्र उलटाच धडा घेतला. माझ्या मुलीने पाण्याजवळ जायचे नाही, असा मी नेमच केला. थोरला मुलगा मालकांबरोबर जाऊन पोहायला शिकला, त्याला मी अडवले नाही. धाकटी मुलगी मात्र घाटावर आली तरी तिचा दंड माझ्या मुठीत असे.

पुढे २०१९ चा महापूर आला. तो तुम्हा सर्वांच्या स्मरणात आहे. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची खूण ४५ फुटांची, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढणारी नावच उलटली आणि लेकराबाळांसह कितीतरी जीव गेले. त्या पुरात आपल्या शाळेच्या माडीवर दोन रात्री माणसे अडकून होती. त्यांत एक नवीन बदलून आलेल्या शिक्षिका होत्या. त्या आटपाडीकडच्या, दुष्काळी भागातल्या. एवढे पाणी त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. त्यांचे नाव मी सांगत नाही, कारण त्यांनीच तशी ताकीद दिली आहे. आपण त्यांना बाईच म्हणू.

पूर ओसरला. मग करोनाची दोन वर्षे गेली. २०२२ च्या उन्हाळ्यात बाई सुटीला माहेरी न जाता तालुक्याच्या गावी रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर जाऊ लागल्या. वय तेहतीस. लोक हसले. "बाईंना आता कोणती शर्यत मारायची आहे?" असे पारावर बोलणे चाले. दोन महिन्यांत त्या शिकल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांनी पालकांच्या सभेत विषय काढला की, तिसरी-चौथीच्या मुलामुलींना सुटीत पोहायला न्यायचे.

सभेत एकच गलका झाला. कोणी म्हणाले सर्दी होईल. कोणी म्हणाले दारात नदी असताना पैसे भरून तलावात कशाला? कोणी म्हणाले मुलगे शिकतीलच आपोआप, आणि मुलींना काय करायचे आहे? सगळ्यांत मोठ्याने नाही म्हणणारी मी होते. बाईंनी सर्वांचे ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाल्या, "पुरात मी माडीवर बसले होते. माझ्याजवळ दुसरीतली दोन मुले होती. मी त्यांना बेरीज-वजाबाकी शिकवली होती. पण त्या रात्री ती पाण्यात पडली असती तर मी नुसती बघत राहिले असते. आमच्या गावाला नदी नाही, तरी पोरे बुडतात. शेततळ्यात बुडतात. तेव्हा नदीपासून दूर राहिले म्हणजे वाचले, हे खरे नाही."

वरच्या कचेरीतून परवानगीचा कागद काही आला नाही. एक साहेब म्हणाले, "काही झाले तर जबाबदारी कोणाची?" प्रश्न चुकीचा नव्हता. परंतु शिकवले नाही आणि काही झाले, तर त्याची जबाबदारी कोणाची, हे कोणीच विचारले नाही. शेवटी बाईंनी शाळेचे नाव न घालता, सुटीत, पालकांच्या लेखी संमतीने वर्ग काढायचे ठरवले. एका पालकांची गाडी होती, ती त्यांनी डिझेलपुरते पैसे घेऊन दिली. पंधरा मुले तयार झाली. त्यांत मुली सहा.

मुलींच्या पोशाखावरून पुन्हा अडले. सुती कपडा पाण्यात फुगतो आणि जड होऊन अंगाला ओढतो, म्हणून तलावावर तो चालत नाही. दुकानातला पोशाख घरच्यांना पसंत नाही. बाई माझ्याकडे आल्या. मी घरी मशीनवर शिवणकाम करते हे त्यांना माहीत होते. पोहण्याचा एक शब्द त्यांनी काढला नाही. ताणाचे कापड पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "ताई, कोपरापर्यंत बाही आणि गुडघ्यापर्यंत पाय, असे सहा शिवून द्याल का?" शिलाईला नाही कशी म्हणणार? शिवले. मग दोन दिवसांनी पुन्हा आल्या. "मुलींचे कपडे बदलायला आणि मुले मोजायला एक बाईमाणूस बरोबर हवे. तुम्ही पाण्यात उतरू नका, काठावर बसा." मी म्हटले, जाते. पण मुलीला पाण्यात घालणार नाही. बाई म्हणाल्या, "बरे."

अशा रीतीने मे २०२३ मध्ये मी रोज सकाळी सात वाजता त्या गाडीत बसू लागले. धाकटीला घरी कोठे ठेवणार, म्हणून तीही बरोबर असे.

आता तेथे काय शिकवतात ते थोडे सांगते, कारण माझी समजूत होती की नेऊन पाण्यात ढकलतात. तसे नाही. पहिल्या दिवशी कोणीच पोहले नाही. सगळ्यांना अंघोळ करून, रबरी टोप्या घालून काठावर बसवले. मुलींच्या दोन-दोन वेण्या त्या टोपीत कोंबायच्या म्हणजे माझी कोण तारांबळ! एकीची टोपी तर दर पाच मिनिटांनी फट्‌दिशी उडायची आणि सगळी पोरे हसायची. काठावर बसून पाय मारायचे, ओंजळीत पाणी घेऊन तोंड त्यात घालायचे आणि बुडबुडे काढायचे. एवढाच पहिला धडा. दुसऱ्या दिवशी तीन फूट पाण्यात उतरून कडेचा दांडा धरायचा, आणि तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा. तलावावरचे शिकवणारे सर सांगत, "श्वास पाण्यात सोडा, बाहेर घ्या. एवढे जमले की निम्मे काम झाले." मग गुडघे पोटाशी घेऊन कासवासारखे तरंगणे, मग उताणे पडून तरंगणे. छातीत हवा असली आणि अंग सैल सोडले की माणूस तरंगते. अंग ताठ केले, डोके वर काढण्याची धडपड केली, की बुडते. भीतीनेच अंग ताठ होते. हे मी काठावर बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात अक्काचे हात आठवत होते.

गाडीत जाता-येता बाई मुलांना गोष्टी सांगत. कलकत्त्याच्या आरती साहा यांची गोष्ट मला फार आवडली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली खाडी पोहून जाण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. महिन्याभराने त्या पुन्हा उतरल्या आणि २९ सप्टेंबर १९५९ रोजी ती खाडी पार करणाऱ्या आशियातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये पोहला, हे ऐकून तर मुलगे हुरळून गेले. पण बाई लगेच म्हणत, "आपल्याला शर्यतीला जायचे नाही. आपल्याला घरी परत यायचे आहे."

चौथ्या दिवसाची गोष्ट. मी काठावर बसले होते, शेजारी माझी धाकटी. तिच्या मांडीवर मैत्रिणींचे टॉवेल आणि कपडे. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, "आई, मी नुसते कपडेच सांभाळायचे का?"

भगिनींनो, तिला अक्काचे काही ठाऊक नव्हते. मी तिला कधीच सांगितले नव्हते. पण मला तेथे बसवेना. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन मी रडून घेतले. त्या रात्री उरलेल्या कापडातून मी सातवा पोशाख शिवला. कापड थोडे कमी पडले, म्हणून बाहीला दुसऱ्या रंगाचा जोड दिला. पाचव्या दिवशी मुले सोळा झाली.

बाईंनी मुलांच्या जोड्या लावल्या होत्या. पाण्यात असताना प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे लक्ष ठेवायचे. दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजे. शिट्टी झाली की जोडीने हात धरून वर करायचा आणि मी काठावरून मोजायचे. पंधरा मुले असताना एक मुलगा एकटा उरत होता, त्याची जोडी खुद्द बाई असत. आता तो आणि माझी धाकटी अशी जोडी झाली. तो आमच्या शेजारचाच.

यापुढचे सांगणे मला जड जाते. परंतु ते वगळून वर्गाचे नुसते गुणगान केले तर तुम्हाला फसवल्यासारखे होईल.

बारावा दिवस होता. माझ्या फोनची घंटा वाजली. घरून मालक बोलत होते. गॅसची टाकी आली आहे, पैसे कोठे ठेवले आहेत? मी पाठ वळवून बोलले. दोन मिनिटे झाली असतील नसतील. तेवढ्यात शिट्टी झाली. मी वळले, हात वर झालेले पाहिले आणि सवयीने म्हणाले, "सोळा." मी मोजले नव्हते. सात दिवस सोळा भरत होते, तेव्हा आजही सोळाच असणार, असे धरून चालले.

माझ्या मुलीचा हात एकटाच वर होता. ती ओरडली, "बाई, माझी जोडी नाही!"

तीन फुटांच्या पाण्यापुढे दोरी बांधलेली होती. तो मुलगा भिंतीच्या कडेकडेने दोरीखालून पलीकडे गेला होता आणि तेथे तळ त्याच्या पायाखालून सुटला होता. माझ्यापासून दहा पावलांवर होता. डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या बरोबरीला, हातांनी पाणी दाबतो आहे. तोंडातून शब्द नाही. तेच. हुबेहूब तेच. आणि मी त्रेचाळीस वर्षांची बाई नऊ वर्षांची होऊन उभी राहिले. माझ्याही तोंडातून शब्द फुटला नाही.

बाईंनी उडी टाकली. त्याच वेळी तलावावरच्या माणसाने काठावरचा लांब बांबू त्याच्या हाताखाली सरकवला. मुलगा बाहेर आला. खोकला, ओकला, मग मोठ्याने रडला. तो रडला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी त्याला तसेच दवाखान्यात नेले. पाणी छातीत गेले असेल तर नंतरही त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवले आणि मग घरी सोडले.

त्या संध्याकाळी बाई स्वतः त्याच्या घरी गेल्या. झाले ते सगळे सांगितले, काही लपवले नाही. माझे नाव मात्र घेतले नाही. "लक्ष चुकले, जबाबदारी माझी," असे म्हणाल्या. मी दारात उभी होते. मला ते सोसवेना. मी पुढे होऊन म्हटले, "चूक माझी. मी न मोजता आकडा सांगितला." त्याची आजी मला बोलू नये ते बोलली. तिचे काय चुकले? महिनाभर त्या घरातून आमच्याकडे विरजणाची वाटी आली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत पाचच मुले होती. मला वाटले, आता बाई वर्ग बंद करतील आणि मलाही बोलावणार नाहीत. बाईंनी गाडीत बसताना माझ्या हातात एक वही दिली. तीत सोळा नावे, आणि प्रत्येक शिट्टीला एक रकाना. म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही कधी चुकणार नाही. दुसरी बाई घेतली तर तिला हे पहिल्यापासून शिकावे लागेल." त्या दिवसापासून माझा फोन गाडीतच राहू लागला, आणि नावाने हाक मारून, समोर चेहरा बघून मी खूण करू लागले. आठवड्यात तेरा मुले परत आली. चौदावा तोच मुलगा. त्याच्या आजीनेच त्याला आणून सोडले. माझ्याशी बोलल्या नाहीत. बाईंना मात्र म्हणाल्या, "आता अर्धवट ठेवू नका. पुरते शिकवा."

वीस दिवसांचा वर्ग चोवीस दिवस चालला. शेवटच्या दिवशी अकरा मुले तलावाची रुंदी पोहून गेली. बाकीच्यांना निदान पाठीवर तरंगता येऊ लागले. माझी धाकटी अकरांत नव्हती. ती अर्ध्यात दमली, उताणी झाली, थोडा वेळ तरंगली आणि मग हळूहळू काठाला आली. बाईंनी तिलाच सगळ्यांपुढे उभे केले. म्हणाल्या, "हिने जे केले ते खरे शिक्षण. दमल्यावर घाबरली नाही."

पुढच्या वर्षी बायकांसाठी वेगळी वेळ ठेवली गेली, तेव्हा मीही उतरले. मला अजून पोहता येत नाही. तोंड पाण्यात घातले की छातीत धडधडते. पण पाठीवर तरंगता येते. पहिल्यांदा तरंगले तेव्हा कान पाण्यात होते, बाहेरचा आवाज काही येत नव्हता, वर नुसते आभाळ दिसत होते. मला अक्काची फार आठवण झाली. एवढेच तर शिकायचे होते, असे वाटले.

आता बाईंनी आम्हा पालकांना शिकवलेल्या चार गोष्टी सांगते. भाषण विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, बुडणारे मूल ओरडत नाही. आवाज नाही म्हणून ठीक असेल असे समजू नका. पाण्याजवळ मूल असताना एका मोठ्या माणसाने दुसरे कोणतेही काम न करता नुसते बघायचे. धुणे धुता-धुता, फोनवर बोलता-बोलता बघणे म्हणजे बघणे नव्हे. हे मी स्वतःच्या चुकीतून सांगते.

दुसरी गोष्ट, पोहता येत नसेल तर उडी टाकू नका. नाही तर एकाचे दोन जातात. काठावर पालथे पडून साडी, ओढणी, दोर, काठी, जे असेल त्याचे टोक द्या. बूच लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन किंवा झाकणाचा डबा फेका. तो धरून माणूस तरंगते. आणि मोठ्याने हाका मारा.

तिसरी गोष्ट, बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे आपल्याकडे चालत आले आहे. ते करू नये. त्यात वेळ जातो. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबण्याचा उपचार सुरू करावा, आणि कोणीतरी १०८ ला फोन करावा. तो उपचार वाचून येत नाही, करून शिकावा लागतो. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आपल्याला शिकवायला तयार आहेत.

चौथी गोष्ट घरची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. एवढी लहान मुले काही नदीवरच बुडत नाहीत. हौद, पिंप, भरलेली बादली त्यांना पुरते. तेव्हा हौदाला झाकण हवे. मळ्यात शेततळे असेल तर त्याला कुंपण हवे. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहणारालाही वर चढता येत नाही. म्हणून गाठी मारलेला दोर वरच्या खुंटाला बांधून आत सोडून ठेवावा. सहा वर्षांपुढच्या मुलांना मात्र पोहायला शिकवावे, असे तीच संघटना सांगते. मुलगे असे ती म्हणत नाही, मुले म्हणते.

शेवटी मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आपण दर वर्षी हळदीकुंकवाला वाणे लुटतो. डब्या, वाट्या, पिशव्या घरात मावत नाहीत. एका वर्षी वाणाचे पैसे बाजूला ठेवून गावातल्या प्रत्येक वापरत्या विहिरीवर आणि घाटावर एक-एक जाड दोर आणि बूच लावलेला कॅन बांधून ठेवावा. आणि बाईंच्या वर्गाला ज्यांना पैसे भरणे होत नाही अशा मुलींचे पैसे मंडळाने भरावे. पोशाख मी शिवून देईन, शिलाई घेणार नाही. मोजायची वही माझ्याकडेच आहे.

कृष्णामाईची ओटी आपण भरतो ती चांगलीच गोष्ट आहे, ती भरूच. पण आपल्या लेकींना तिची ओळखही करून देऊ या. ज्या पाण्याकाठी जन्म काढायचा, त्याची ओळख नसणे बरे नव्हे.